जानेवारीतलं व्हेनिस

आज दिवसभर व्हेनिसमध्ये पायी भटकले. हाडं गोठवणारी थंडी, आणि धुकं इतकं दाट की बोटीतून समोरचा काठ दिसेना. उन्हाळ्यातली गर्दी नव्हती, त्यामुळे शहर खरंच राहत्या लोकांचं वाटलं. इथे गाडी नाहीच. भाजी बोटीने येते, कचरा बोटीने जातो, अँब्युलन्ससुद्धा बोटच!

हे सगळं चिखलात ठोकलेल्या लाखो लाकडी खांबांवर उभं आहे. चिखलात हवा पोचत नाही म्हणून लाकूड शेकडो वर्षं कुजत नाही. खरा शत्रू म्हणजे खारं पाणी; त्याचं काम वर दिसतं. एका अरुंद कालव्याकाठी भिंतीला हात लावला, तर गिलावा पिठासारखा बोटांवर आला. आमच्या कोकणातल्या घराला लागतो तसाच लोणा, म्हणजे भिंत पोखरणारा क्षार. खालच्या दोन पायऱ्या पाण्यात, हिरव्यागार शेवाळलेल्या.

१२ नोव्हेंबर २०१९ला इथे पाणी जुन्या सरासरी समुद्रपातळीच्या वर १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. २०२०पासून मोठी भरती आली की समुद्राच्या तोंडाशी बसवलेले दरवाजे उचलतात. ते टिकावेत, असं अगदी मनापासून वाटतं.

संध्याकाळी रियाल्तो पुलावर एक आजी भाजीची ट्रॉली एकेक पायरी चढवत होत्या. मी एका बाजूने धरली. वर पोचल्यावर त्यांनी माझे गारठलेले हात क्षणभर आपल्या लोकरी हातमोज्यांत धरून ठेवले.