पावणेचौदा लाख माणसं, चारशे आमदार

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १६ लाखांवर होती. जिल्ह्याला आमदार पाच: दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात माणसं याहून कमी, २०२०च्या गणनेत पावणेचौदा लाखांच्या आसपास. तिथल्या कनिष्ठ सभागृहात प्रतिनिधी ४००! सिनेटचे २४ वेगळेच.

म्हणजे एका प्रतिनिधीमागे साधारण ३,४०० माणसं. आपल्याकडे एवढ्या वस्तीला अकरा सदस्यांची ग्रामपंचायत मिळते. न्यू हॅम्पशायरच्या या सभागृहातली सत्ता सारखी उलटते. ती का, हे समजून घ्यायचं तर आमदारकी विसरून ग्रामपंचायतच डोळ्यांसमोर आणावी.

फरक आहे तो मतपत्रिकेत. आपल्या प्रभागात जागा अ, ब, क अशी प्रत्येकीची लढत वेगळी; पॅनेल फुटतं ते इथेच. एक उमेदवार भावकीच्या जोरावर येतो, त्याच पॅनेलचा दुसरा पडतो. तिथे चार जागांचा मतदारसंघ असेल तर सगळे उमेदवार एकाच यादीत, मतदाराला चार खुणा करता येतात आणि पहिले चार निवडून येतात. बरेच जण पक्ष बघून चारही खुणा करतात. मग वारं थोडं फिरलं तरी एक जागा जात नाही, चारही जातात. एकाच खुणेत अख्ख्या पक्षाला मत देण्याची सोय २००७मध्ये काढून टाकली, तरी ही सवय काही गेली नाही.

त्यात निवडणूक दर दोन वर्षांनी. २००६ला हे सभागृह डेमोक्रॅटांकडे गेलं, २०१०ला रिपब्लिकनांकडे, २०१२ला परत, २०१४ला पुन्हा उलट, २०१८ला डेमोक्रॅट, २०२०ला रिपब्लिकन. २०२०ची गंमत अशी की अध्यक्षपदासाठी राज्याने बायडेन यांना कौल दिला आणि त्याच दिवशी दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांच्या हाती दिली. कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले मतदार तिथे भरपूर आहेत. पारडं फिरवतात ते हेच.

२०२२चा निकाल तर रिपब्लिकन २०१, डेमोक्रॅट १९८. उरलेल्या एका जागेवर, रोचेस्टर शहराच्या वॉर्ड चारमध्ये, फेरमोजणीअंती दोघांनाही ९७०–९७० मतं. आपल्याकडे चिठ्ठी टाकून मोकळे झाले असते. तिथे सभागृहाने नव्याने निवडणूक लावली आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ती जागा डेमोक्रॅटांनी घेतली. पुढे दोन्हीकडच्या काहींनी पक्ष सोडला, पण सदस्यत्व कुणाचंच गेलं नाही. आपल्या दहाव्या अनुसूचीसारखा पक्षांतरबंदीचा फास तिथे नाही.

तरी खरी मेख हजेरीत आहे. प्रतिनिधीचं मानधन दोन वर्षांना मिळून २०० डॉलर, १८८९पासून तेवढंच, वर प्रवासखर्च. त्यामुळे सभागृहात निवृत्त मंडळी जास्त, आणि बाकीच्यांना पोटापाण्याचा उद्योग सांभाळून राजधानी काँकॉर्डला यावं लागतं. बर्फ पडलं, कुणी आजारी पडलं, कुणाला कामावरून सुट्टी मिळाली नाही, की बहुमत त्या दिवसापुरतं समोरच्या बाकांवर. २०१–१९९ असताना पक्षप्रतोदाचं निम्मं काम माणसं गोळा करण्याचंच होतं.

२०२४मध्ये आकडा २२२–१७८ झाला. आता रिपब्लिकनांचे वीस जण घरी राहिले तरी भागतं.