चाचणी पास, पण मॉड्यूल चढेना

आमचे कार्यालय महापे एमआयडीसीत आहे, आणि आमचे एक ग्राहक वाशीच्या बाजार समितीतून भाजीपाला उचलून ठाणे-नवी मुंबईतील सोसायट्यांना पोहोचवतात. त्यांच्या गोदामातील मोबाइलवर मालाची यादी उघडायला फार वेळ लागत असे, म्हणून वेब सर्व्हरवर ब्रॉटली कॉम्प्रेशन, म्हणजे पाने लहान करून पाठवण्याची एक पद्धत, सुरू करायचे ठरले. सर्व्हर एनजिनएक्स या प्रोग्रामचा होता, आणि त्यात ब्रॉटलीची सोय मुळात नसल्यामुळे ती वेगळ्या मॉड्यूलमधून, म्हणजे जोडभागातून, घ्यावी लागते. अशा बाहेरच्या मॉड्यूलसाठी पूर्वी अख्खा एनजिनएक्स नव्याने कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडपासून बांधावा लागे. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये मॉड्यूल मागाहून जोडण्याची सोय कितीतरी आधीपासून होती. एनजिनएक्सने ती फेब्रुवारी २०१६ मध्ये, १.९.११ या आवृत्तीपासून दिली.

माझ्या नव्या सहकारी मुलीने काम अगदी शिस्तीत केले होते. सर्व्हरवर आवृत्ती विचारली तर १.२४.० असे उत्तर आले, म्हणून तिने नेमका त्याच आवृत्तीचा सोर्स (मूळ कोड) उतरवला, ‘विथ-कॉम्पॅट’ हा सुसंगततेचा पर्याय लावून फक्त मॉड्यूल कंपाइल केले, आणि तयार झालेल्या ‘.एसओ’ फाइलचा उल्लेख कॉन्फिगरेशनच्या अगदी वर, ‘लोड_मॉड्यूल’ या ओळीत केला. चाचणीच्या कमांडने सर्व ठीक असल्याचे सांगितले, आणि कॉन्फिगरेशन पुन्हा वाचायला लावणाऱ्या रीलोडनेही टर्मिनलवर काही कुरकुर केली नाही. ब्राउझरमध्ये मात्र उत्तर पूर्वीसारखे जीझिप या जुन्या कॉम्प्रेशनमध्येच येत होते.

“सर, टेस्ट तर पास झाली,” ती म्हणाली.

एरर लॉग उघडल्यावर खुलासा झाला. मॉड्यूलची आवृत्ती १०२२००१ ऐवजी १०२४००० आहे, अशी तक्रार तिथे नोंदलेली होती, म्हणजे १.२२.१ ला १.२४.० साठी बांधलेले मॉड्यूल दिले जात होते. हा १.२२.१ आला कुठून, हे पाहण्यासाठी चालू मास्टर प्रोसेसची (एनजिनएक्सच्या मुख्य प्रोसेसची) ‘प्रॉक’मधील ‘एक्सई’ नोंद, म्हणजे ती कोणत्या फाइलमधून चालते आहे हे सांगणारी नोंद, काढली, तर फाइलच्या नावापुढे कंसात ‘डिलीटेड’ लिहिलेले दिसले. एनजिनएक्सचे पॅकेज मागेच अद्ययावत झाले होते, पण अपडेटच्या वेळी सेवा आपोआप रीस्टार्ट होऊ नये अशी व्यवस्था ग्राहकाच्याच आग्रहाने केलेली होती. त्यामुळे डिस्कवर नवा एनजिनएक्स आणि मेमरीत जुना, अशी स्थिती झाली होती. चाचणीची कमांड डिस्कवरचा नवा प्रोग्राम चालवते, तर रीलोडचा सिग्नल जातो मेमरीतल्या जुन्या मास्टरकडे. त्याने मॉड्यूल नाकारले आणि जुन्याच कॉन्फिगरेशनवर काम चालू ठेवले. या सावधपणाबद्दल एनजिनएक्सचे मला नेहमीच कौतुक वाटते, पण नकार लॉगमध्ये लिहून मोकळे होण्याची त्याची सवय नवख्या माणसाची वाट चुकवते.

सरळ रीस्टार्ट करणे हा उपाय होता, पण वेळ दुपारची होती आणि दुसऱ्या दिवशीच्या मालाच्या ऑर्डरी संध्याकाळपर्यंतच घेतल्या जातात. गोदामाच्या व्यवस्थापकांना फोन केला तर ते म्हणाले, “साहेब, काय करायचं ते करा, पण ऑर्डरी अडकू देऊ नका. उद्या पहाटे गाड्या भरायच्या आहेत.”

तेव्हा चालू सर्व्हरखालचा प्रोग्रामच बदलण्याचा मार्ग घेतला. जुन्या मास्टरला ‘यूएसआर२’ सिग्नल दिला की तो आपल्या पीआयडी फाइलच्या (प्रोसेसचा क्रमांक ठेवणाऱ्या फाइलच्या) नावाला ‘ओल्डबिन’ हे शेपूट जोडतो आणि डिस्कवरचा नवा प्रोग्राम सुरू करतो. लिसनिंग सॉकेट, म्हणजे विनंत्या ऐकण्याची जागा, नव्याला वारशाने मिळत असल्यामुळे काही काळ दोन्ही मास्टरचे वर्कर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस) एकाच पोर्टवर विनंत्या स्वीकारत राहतात. नव्या मास्टरने मॉड्यूल निमूटपणे घेतले. मग जुन्याला ‘विंच’ सिग्नल देऊन त्याचे वर्कर हळूहळू बंद करायला सांगितले, मात्र खुद्द त्या मास्टरला जिवंत ठेवले, कारण काही बिनसले असते तर ‘हप’ सिग्नल देऊन त्याच्याकडूनच पुन्हा वर्कर उभे करता आले असते.

प्रोसेसच्या यादीत ‘शटिंग डाउन’ लिहिलेले वर्कर एकेक करून गेले. एक मात्र हटेना. गोदामातील काट्याचे वजन दाखवणारा पडदा वेबसॉकेटने, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीने, त्याला धरून बसला होता. व्यवस्थापकांना सांगून तेवढे पान पुन्हा उघडवले, तेव्हा तोही गेला. ब्राउझरमध्ये ब्रॉटलीची खूण असलेली ‘बीआर’ ही अक्षरे दिसली आणि ऑर्डरी नीट येत असल्याची खात्री झाली, तेव्हाच जुन्या मास्टरला बंद होण्याचा ‘क्विट’ सिग्नल दिला.

त्यानंतर सहकारी मुलीने पुढे मॉड्यूलची नव्याने बांधलेली फाइल जुनीवर ‘सीपी’ या कॉपीच्या कमांडने टाकली तर चालेल का, असे विचारले. मी तिला थांबवले. ‘सीपी’ चालू प्रोसेसच्या मेमरीत जोडलेली तीच फाइल जागच्या जागी खोडून लिहिते, आणि वर्कर मध्येच कोसळू शकतात; नवी फाइल शेजारी ठेवून ‘एमव्ही’ या हलवण्याच्या कमांडने जागेवर आणावी. त्याच संध्याकाळी आम्ही ते मॉड्यूल स्वतंत्र पॅकेजमध्ये बांधले आणि एनजिनएक्सच्या नेमक्या आवृत्तीवर त्याचे अवलंबित्व नोंदवले, त्यामुळे जुळणारे मॉड्यूल तयार असल्याखेरीज एनजिनएक्सचे पुढचे अपडेट पॅकेज मॅनेजर आपणहून बसवणार नाही.