भाऊबीज आली का मले घाम सुटते

दिवाळीत मले फटाक्याचं नाही, भाऊबीजेच्या साडीचं टेन्शन येते. सोयाबीनचे पैसे आत्ता कुठं हाती आले, कापूस घरातच पडून हाय, अन् बहिणी तीन. यवतमाळले गेलो तर दुकानदारानं गादीवर पंधरा साड्या उलगडून टाकल्या, मले सगळ्या सारख्याच दिसाले लागल्या, शेवटी बायकोले व्हिडिओ कॉल केला तर ते म्हणे मोठ्या ताईले मोरपंखी नका घेऊ, मागच्या वर्षीची अजून घडीतच हाय. अन् तिघींच्या किमतीत शंभराचाबी फरक नको, बाया पदर हातात धरूनच भाव वळखतात बाप्पा! दोघींच्या झाल्या. ताईची राहिली, परवा भाऊबीज, अन् ते फोनवर म्हणते, "काही आणू नको रे बाबू, तू फक्त ये." हे आयकलं का मले अजूनच भेव वाटते.