बागेसाठी एवढं काय भांडता?

सकाळी फिरायला येणारा कुणीतरी हमखास विचारतो, "काय ओ, गावातले रस्ते धड नाहीत आणि तुम्ही बागेसाठी काय भांडताय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

खड्डा पडला की सगळ्या गावाला कळतं. बाग जाते तेव्हा कुणाला पत्ता नसतो. आमच्या भागातल्या बागेचा कोपरा आधी पंपाच्या खोलीला गेला. खोलीला लागून पत्र्याचं शेड आलं, शेडात सामान आलं, सामानाला कुलूप आलं. उरलेल्या जागेत पेव्हिंग ब्लॉक बसले आणि फाटकावर बोर्ड लागला: 'चेंडू खेळण्यास सक्त मनाई'. तेही कोल्हापुरात, फुटबॉलच्या गावात! शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांना तोबा गर्दी करायची आणि पोरांनी पहिला चेंडू मारायचा तो गल्लीत, लावलेल्या गाड्यांमधून.

कुस्तीचं खासबाग मैदान 1912 चं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौद्यातली पकड दिसावी, अशी त्याची बांधणी. शेजारचं नाट्यगृह 1915 चं. म्हणजे लोकांना खेळायला-बघायला जागा द्यायची असते, हे शाहू महाराजांच्या राज्यात कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. तेच केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये जळालं तेव्हा सारं कोल्हापूर हळहळलं. आग दिसते हो. बागेसाठी राखलेल्या जागेवरचं आरक्षण उठतं ते दिसत नाही.

ते उठतं कसं, हे मात्र नीट समजून घ्या. शहराच्या विकास आराखड्यात एखाद्या खासगी जागेवर बागेचं किंवा क्रीडांगणाचं आरक्षण पडतं. आराखडा लागू होऊन 10 वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक 'जागा विकत घ्या' अशी खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं. मालकाचं त्यात काही चुकत नाही; जागा अडकवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत, हा कुठला न्याय? चुकतं ते फायलीवर बसणाऱ्यांचं. आणि नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यावर इथे पाच वर्षं प्रशासकच होता, जाब विचारायला भागाचा नगरसेवकही नव्हता.

म्हणून वृक्षारोपणाच्या फोटोपेक्षा मला विकास आराखड्यातला आपल्या भागाचा नकाशा, म्हणजे भागनकाशा, महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागात हिरवा रंग कुठे आहे, ती जागा प्रॉपर्टी कार्डावर कुणाच्या नावे आहे, लेआउटमध्ये मोकळी सोडायची 10 टक्के ओपन स्पेस गेली कुठे, हे आधी काढा. त्याच कायद्याच्या कलम 37 खाली आरक्षण बदलायची नोटीस निघाली तर हरकतीला महिनाभर मिळतो आणि हरकत कुणीही घेऊ शकतं. बंगळूरमध्ये बागेची जागा खासगी इस्पितळाला दिली होती. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते वाटप टिकलं नाही.

साहेबांना भेटून तोंडी सांगून आलो, असं मात्र मला येऊन सांगू नका. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या, मग चहाला या.