बीजिंग ते शांघाय: विमान की रेल्वे?

यंत्रखरेदीसाठी जालन्याहून चीनला निघालेल्या भाच्याला मी एवढेच सांगितले की, बीजिंग ते शांघाय हवाई अंतर सुमारे १,१०० किलोमीटर असून विमानाला साधारण सव्वादोन तास लागतात. परंतु विमानतळ गाठणे, सुरक्षा तपासणी आणि सामानाची वाट पाहणे धरले, तर हाच प्रवास सहज पाच तासांवर जातो. उलट २०११ मध्ये सुरू झालेल्या १,३१८ किलोमीटरच्या जलदगती लोहमार्गावरील सर्वांत वेगवान गाड्या ताशी ३५० किलोमीटर वेगाने धावून साडेचार तासांच्या आत पोहोचवतात. शांघायचे होंगछ्याव रेल्वे स्थानक त्याच नावाच्या विमानतळाला लागूनच असल्याने माझा कौल रेल्वेलाच आहे.