राजमाची ते कोंढाणे: नवी फुल सस्पेन्शन सायकल पाठीवर घेऊन

राजमाचीच्या उधेवाडीतून कोंढाणे लेण्यांकडे उतरणारी वाट सायकलची नाही. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर. "ऐंशी टक्के चालवता येते, उरलेली ढकलायची," असं मला ज्याने सांगितलं त्याने ती वाट सायकल घेऊन कधी केलेली नाही, हे आता मी खात्रीने म्हणतो. सकाळी साडेसातला उधेवाडी सोडली आणि लेण्यांपाशी पोचलो तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती. त्यात सीटवर बसून उतरलो ती सगळी मिळून पंधरा-वीस मिनिटं. उरलेला वेळ पंधरा किलोची सायकल ढकलत, मागे खेचून धरत आणि बराचसा पाठीवर घेऊन. पायी उतरणारे ट्रेकर हीच वाट दोन-अडीच तासांत संपवतात.

सायकल पंधरा दिवसांची, फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना धक्के झेलणारी. ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर सरकायची जागा, पुढे १४० मिमी, मागे १३०, चाकं २९ इंची. दुकानाने सायकलच्या किमतीवर 'सस्पेन्शन सेटअप'चे साडेतीन हजार रुपये वेगळे घेतले होते. त्या पैशांत काय झालं ते ऐका. मला वजन विचारलं, मी ७४ सांगितलं. शॉक पंपाने मागच्या शॉकमध्ये १८० पीएसआय हवा भरली, पुढच्या फोर्कमध्ये ७५, पंप काढला आणि पावती हातात दिली. मला सायकलवर एकदा बसवलंसुद्धा नाही. मी पहिल्यांदाच फुल सस्पेन्शन घेत होतो, त्यामुळे एवढंच असतं असं समजून घरी आलो. पुढचे पंधरा दिवस डोंबिवलीच्या आसपास डांबरावरच चालवली आणि डांबरावर काहीच कळत नाही.

कळलं ते लोणावळ्यात. मित्राने गाडीतून सोडलं, तुंगार्लीचं धरण मागे पडलं, डांबर संपलं आणि पहिल्याच दगडी उतारावर मागून 'ठक्' असा आवाज आला. मग प्रत्येक मोठ्या दगडाला ठक्. शॉक पार तळाला आपटत होता. शॉकच्या दांड्यावर एक काळी रबरी ओ-रिंग असते, ती दांडा किती आत गेला ते दाखवते. माझी टोकाला जाऊन चिकटली होती.

पहिल्या ओढ्यापाशी सावली बघून थांबलो आणि शॉक पंप काढला. काटा १४० दाखवत होता. पंप जोडताना थोडी हवा नळीत जाते, त्याचे पाच-दहा सोडून द्या, पण बाकीचे तीस-पस्तीस कुठे गेले? गळती नव्हती. एअर शॉकमध्ये हवेचे दोन कप्पे असतात. मोठा कप्पा तुमचं वजन पेलतो, छोटा उलट दिशेने ढकलतो. त्याला निगेटिव्ह चेंबर म्हणतात. पंपाची हवा आधी मोठ्या कप्प्यात जाते. शॉक दाबला की आतल्या बारीक खाचेतून ती दोन्हीकडे समान होते आणि मोठ्यातला दाब उतरतो. म्हणून पन्नास-पन्नास पीएसआयच्या टप्प्यांनी भरायचं, दर टप्प्याला पंप काढून शॉक दहाएक वेळा सावकाश दाबायचा आणि पुन्हा जोडून बघायचं. दुकानात तो एकदाही दाबला गेला नव्हता. साडेतीन हजारांत दहा वेळा दाबणंही बसलं नाही, याचा राग मला अजून आहे.

मग सॅग मोजला. सॅग म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती खचतो ते. मोजताना पाठीवर बॅग, बॅगेत तीन लिटर पाणी, हेल्मेट, बूट सगळं हवं. माझं वजन ७४, पण ओढ्यापाशी सायकलवर बसलेलं वजन ८२ होतं. दरडीला कोपर टेकवून तोल धरला, पेडलवर उभा राहून दोन-तीन हिसके दिले, अलगद बसलो, हाताने ओ-रिंग रबरी सीलला लावली आणि शॉक न हलवता उतरलो. माझ्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दांडा जास्तीत जास्त आत जातो ते अंतर, ५० मिमी आहे. तीस टक्क्यांनी १५ मिमी यायला हवे होते, आले २२. हवा वाढवत नेली, १९५ ला बरोबर १५ आले. पुढच्या फोर्कला वीस टक्के म्हणजे २८ मिमी. तिथे ८२ पीएसआय लागले. तुमचा आकडा वेगळा येईल, फ्रेमच्या रचनेवर तो बदलतो. माझे आकडे उचलू नका, पद्धत उचला.

रिबाउंडही, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेगही, बघून घ्या. त्याची लाल चकती पुढे-मागे दोन्हीकडे पूर्ण बंद होती, म्हणजे दबलेला शॉक अगदी सावकाश वर येत होता. सुट्या दगडांच्या वाटेवर एका दगडातून सावरायच्या आत दुसरा येतो, तिसरा येतो, आणि सायकल खालीखालीच बसत जाते. आपटण्याचं अर्धं कारण तेच होतं. पूर्ण बंद करून क्लिक मोजत उघडा आणि मध्यावरून सुरुवात करा. बसल्या बसल्या फूटपाथच्या कडेवरून उतरवा. सायकल एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोनदा उसळली तर एक-दोन क्लिक बंद करा. माझ्या शॉकला बारा क्लिक आहेत, मी सहावर आहे.

ओढ्यापाशी पाऊण तास गेला, पण त्यानंतरची सायकल वेगळीच होती. उधेवाडीपर्यंतचे पंधरा-सोळा किलोमीटर छान झाले. संध्याकाळी दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या भैरवनाथाच्या देवळापाशी बसलो, रात्री पिठलं-भाकरी जेवलो. त्या दिवसाबद्दल एवढंच.

सकाळी निघताना ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशी म्हणाल्या, "दादा, सायकल घेऊन खाली नका जाऊ. ती वाट पायाची हाय. लोनावळ्यालाच जा परत." मी ऐकलं नाही. मला उतरायचंच होतं. तुम्ही ऐका.

सुरुवातीची सपाटी फसवी आहे. पाचोळ्यातून पाच मिनिटं मस्त सायकल चालते आणि ऐंशी टक्केवाल्याचं खरं वाटायला लागतं. मग वाट डोंगराच्या कडेने घसरायला लागते. डिसेंबरात मातीत ओल नसते. मुरूम, त्यावर नारळाएवढे सुटे धोंडे, त्यावर पाचोळा. चाक ठेवलं की धोंडा सरकतो, पाय ठेवला की पाय सरकतो. वळणं इतकी आखूड की २९ इंची सायकल मागचं चाक उचलल्याशिवाय वळत नाही. मधले टप्पे अडीच-तीन फुटांचे, खाली उतरायला जागा नाही, डाव्या हाताला करवंदीची जाळी आणि उजवीकडे मोकळं. अतिशय तयारीचा माणूस यातलं काही उतरेलही. पण तिथे पडलात तर गावातली माणसं तुम्हाला खांद्यावर न्यायला येईपर्यंत किती तास जातील, तो हिशेब करा. फोनला रेंज नव्हती.

उचलून न्यायचं म्हटलं तर फुल सस्पेन्शन उचलायलाही वाईट. हार्डटेलच्या, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलच्या, त्रिकोणात खांदा घालता येतो. माझ्या फ्रेममध्ये त्या जागी शॉक आहे, खांदा शिरतच नाही. शेवटी पेडल काढून बॅगेत टाकले आणि खालची नळी बॅगेवर आडवी घेतली. पेडल काढायचं डोकं सुचलं तोवर नडगीला तीन खोका पडल्या होत्या. म्हणून ८ मिमीची अ‍ॅलन की जवळ ठेवाच.

दहाच्या सुमाराला एका टप्प्यावर सायकल हातातून सुटली. फार नाही, चार फूट गेली आणि उजव्या अंगावर पडली. उचलली तर मागचा डिरेल्युअर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आत चाकाच्या तारांकडे वळलेला. हँगर वाकला होता. तो डिरेल्युअर ज्यावर लटकतो तो अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा, फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम नरम केलेला. सायकल घेताना मी जादा हँगर मागितला होता, "एवढ्यात लागत नाही" हे उत्तर मिळालं होतं. हार्डटेल असती तर साखळी तोडून, आखूड करून, एका गिअरवर चालवत कर्जत गाठलं असतं. फुल सस्पेन्शनवर तसं जमत नाही. फ्रेमचा मागचा हलणारा हात दबला की क्रँक आणि मागच्या चाकातलं अंतर बदलतं. आखूड साखळी तुटते किंवा काहीतरी मोडते. म्हणजे तिथून पुढे सायकल हे नुसतं ओझं.

लेण्यांच्या ओसरीत अर्धा तास पडून राहिलो. चैत्याच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची नक्कल दगडात केली आहे, तुळयांची टोकंसुद्धा सोडलेली नाहीत. तिथेच ब्राह्मीत कण्हाचा शिष्य बलुक याचं नाव कोरलं आहे, त्याने हे केलं म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वी तो माणूस या रानात छिन्नी घेऊन बसला होता, आणि मला तेव्हा फार बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही.

कोंदिवडे गावात टेम्पो मिळाला. कर्जत स्टेशन तिथून बारा-चौदा किलोमीटर. टेम्पोवाला म्हणाला, "पंधराशे होतील." माझी अवस्था समोर दिसत होती, नडगीवरून रक्त ओघळलेलं, सायकल मोडलेली. बाराशेला आला. त्यानेच मला नंतर सांगितलं की माणसांना तो याच अंतराचे पाचशे घेतो. सायकलला सीट लागत नाही, ती मागे आडवी पडली होती, तरी सातशे जादा. गावात शिरण्याआधी बाटलीतल्या पाण्याने रक्त धुवा आणि भाडं ठरवूनच सायकल चढवा. कर्जतहून पुढे अडचण नाही, लगेजचं तिकीट काढून लोकलच्या लगेज डब्यात उभा राहिलो, रविवारी दुपारी डबा अर्धा रिकामा होता.

जाणाऱ्यांनी लोणावळा ते राजमाची आणि त्याच वाटेने परत, एवढंच करावं. नव्या सायकलसाठी ती वाट उत्तम आहे, दमवते पण चालते. निघायच्या आठवडाभर आधी घरी सॅग मोजा. टायरमधली दुकानाची हवा ४० पीएसआय होती, ट्यूबलेसला ती फार झाली. मी पुढे २२ आणि मागे २५ ठेवली. ब्रेकचे नवे पॅड रिकाम्या उतारावर वेगातून चालण्याच्या गतीपर्यंत पंधरा-वीस वेळा आणून बसवून घ्या, चाक लॉक होऊ देऊ नका. आणि उजवी लिव्हर कोणत्या चाकाची ते बघा: माझी मागच्याची जोडून आली होती, मोटरसायकलची सवय असलेल्या हाताला उतारावर ते फार महागात पडू शकतं. घरी आल्यावर पिव्हटचे, म्हणजे फ्रेमच्या हलणाऱ्या सांध्यांचे, बोल्ट तपासले तर एक पाव फेरा सैल निघाला. पहिल्या तीन-चार राइडनंतर ते तपासायचे असतात, किती आवळायचे तो आकडा बहुतेक वेळा बोल्टजवळच लिहिलेला असतो.

नवा हँगर अकराशेला मिळाला. दोन घेतले. एक सायकलला लावला, दुसरा सीटखालच्या नळीला इन्शुलेशन टेपने गुंडाळून ठेवला आहे.