एक तळटीप आणि दोन सुपे

विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा विषय पीएच.डी.च्या पूर्वअभ्यासक्रमात सक्तीचा केला, तेव्हापासून त्यातील संदर्भशोधाचे तास आमचे ग्रंथालय घेते. पहिल्या दिवशी मी एकच काम देते: स्वतःच्या आराखड्यातील कोणतीही एक तळटीप निवडावी आणि तिने ज्या पानाचा हवाला दिला आहे, ते पान दुपारपर्यंत मला उघडून दाखवावे. बहुतेकांचे काम तासाभरात उरकते. त्या दिवशी मात्र एका महाविद्यालयात इतिहास शिकवणारे, नोकरी सांभाळून संशोधन करणारे एक प्राध्यापक जेवणाच्या सुटीतही संगणकासमोरून उठले नाहीत.

त्यांचा विषय होता १८७५ चे दख्खनचे दंगे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले, त्याची सुरुवात १२ मे १८७५ रोजी सुपे गावी झाली. या वाक्याखाली त्यांनी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे ब्रिटिशकालीन जिल्हावार माहितीग्रंथाचा, खंड १७, पुणे, असा हवाला दिला होता. खंड १७ उघडला तर तो निघाला अहमदनगरचा, १८८४ साली छापलेला. पुण्याचा खंड १८ वा, १८८५ चा, आणि तोही तीन भागांत आहे.

“मॅडम, आकडा चुकला असेल, दुरुस्त करतो,” ते म्हणाले. मीही तेवढ्यावर सोडून दिले असते. पण त्यांनी बनवलेला नकाशा शेजारीच उघडा होता आणि त्यावर सुपे नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात दाखवले होते.

पारनेर तालुक्यात पुणे-नगर रस्त्यावर एक सुपे आहे, हे खरेच. पण दंग्यांची ठिणगी पडली ते सुपे पुणे जिल्ह्यातले, शहाजीराजांच्या जहागिरीतल्या पुणे-सुप्यातले. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. दंगे नगर जिल्ह्यातही पसरले होते, त्यामुळे खंड १७ मध्येही त्यांची हकिगत सापडते आणि चुकीचा खंड उघडणाऱ्यालाही आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असेच वाटते. सरांचे सगळे प्रकरण दंगा कोणत्या गावाहून कोणत्या गावाकडे गेला, यावर उभे होते. नकाशावरचा पहिला ठिपकाच दुसऱ्या जिल्ह्यात पडल्याने पुढचे बाणही उलट दिशेला वळले होते.

मग आम्ही दोघे शोधगंगेवर बसलो. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध या कोशात एकत्र मिळतात आणि एखादी चूक कुठून कुठे गेली हे पाहायला त्याच्याइतके सोयीचे साधन माझ्या माहितीत नाही. हाच हवाला तीन प्रबंधांत सापडला. नंतरच्या दोहोंत तो शब्दशः सारखा होता; सर्वांत जुन्या प्रबंधात मात्र लागोपाठ तीन टिपा होत्या. पहिलीत पुण्याचा खंड १८, दुसरीत नगरचा खंड १७ आणि तिसरीत फक्त ‘तत्रैव’, म्हणजे वरच्याच टिपेतला ग्रंथ. मधली टीप बहुधा नंतर घातली गेली असावी. त्यामुळे पुण्याकडे बघणारे ‘तत्रैव’ आपोआप नगरकडे वळले. पुढच्या संशोधकाने त्याचा विस्तार करताना खंडाचा आकडा वरच्या टिपेतून घेतला, जिल्ह्याचे नाव मजकुरातून घेतले आणि मूळ खंड उघडलाच नाही.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “पण मी तर शोधले होते. मला ‘सुपे’ मिळालेच नाही.” त्यांनी रोमन लिपीत आजच्या स्पेलिंगने शोध घेतला होता. गॅझेटियरमध्ये पुण्याचे ‘पूना’ आहे, सुप्याचे ‘सुपा’. जुन्या छापील मजकुराच्या संगणकीय वाचनात अक्षरेही पुष्कळदा चुकतात. अशा वेळी निरनिराळी स्पेलिंगे वापरावी लागतात, तालुक्याचे नाव घालून पाहावे लागते, आणि तरीही हाती काही लागले नाही तर अनुक्रमणिकेतून पान गाठावे लागते. हे मी सकाळी फळ्यावर लिहिले होते, पण कोणाच्या प्रबंधावर बेतल्याशिवाय ते कानात शिरत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुण्याचे तीनही भाग मी संदर्भ विभागातून मागवले. तिसऱ्या भागात जिल्ह्यातील स्थळांची वर्णानुक्रमे माहिती आहे. तिथून भीमथडीतले सुपे सरांनी स्वतः काढले आणि पान माझ्यापुढे ठेवले, तेव्हा पाच वाजून गेले होते.

त्या आठवड्यात त्यांनी नकाशा नव्याने काढला आणि आराखड्यातल्या बाकीच्या टिपाही एकेक करून मूळ पानाशी ताडल्या. आणखी चार ठिकाणी खंड किंवा भाग चुकलेला निघाला. मी आमच्या तालिकेत दोन्ही खंडांच्या नोंदींना एक ओळ जोडली: १८७५ च्या दंग्यांतले सुपे भीमथडी तालुक्यातील, खंड १८ पाहा, पारनेरचे सुपे वेगळे.